पाठवणारा थांबला आहे

घरात मला कोणी काही सांगितलं की मी 'ऐकलं' म्हणतो. सिलिंडर उद्या येणार आहे. ऐकलं. वरच्या टाकीतलं पाणी संपत आलंय. ऐकलं. आमच्या हिला याचा राग येतो. "ऐकलंत ते कळलं, उठणार कधी?" असं ती विचारते. मुलगी पाहुण्यांसमोर माझी नक्कल करते, आणि ती हुबेहूब करते हे मला मान्य करावं लागतं. ही सवय मला लागली ती तारापूरच्या कारखान्यातल्या एका दुपारी. तोंडी सांगायला बसलो तर पाहुण्यांचा चहा गार होईल, म्हणून लिहून ठेवतो.

तेव्हा आम्ही पालघरला भाड्याने राहत होतो आणि मी बोईसरला उतरून कंपनीच्या बसने कारखान्यात जायचो. रंगांना लागणारी रसायनं करणारा मध्यम आकाराचा कारखाना. मी मुळात हिशेब विभागातला. नव्वदच्या आसपास कंपनीने कॉम्प्युटर घेतला आणि 'याला आकडे आवडतात' एवढ्या भांडवलावर मला उचलून कॉम्प्युटर रूममध्ये बसवलं. सोबतीला सफाळ्याचा एक सहकारी होता. माझ्याच वयाचा, पण जिभेला हाड नसलेला. आम्ही दोघं, एक एसी, एक यंत्र. एसी यंत्रासाठी होता, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं.

यंत्र युनिक्सवर चालायचं. त्याच्या केबल लॅबमध्ये, स्टोअरमध्ये, टाइम ऑफिसात आणि शेडमध्ये गेलेल्या होत्या. एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी जायचा तो रांगेतून. रांग म्हणजे यंत्राच्या स्मरणात ठेवलेली एक टपालपेटी समजा. एका बाजूने एक प्रोग्रॅम निरोप टाकतो, दुसऱ्या बाजूने दुसरा प्रोग्रॅम तो उचलतो. आधी आलेला आधी. उचलणारा नसेल तर निरोप पडून राहतात. किती पडून राहतील यालाही मर्यादा असते. पेटी भरली की टाकणारा प्रोग्रॅम हातात निरोप धरून तसाच उभा राहतो, जागा होईपर्यंत. आणि यंत्र बंद केलं की पेटीसकट सगळं जातं. डिस्कवर अक्षरही उरत नाही.

या रांगा बघायला एक कमांड होती, आयपीसीएस. ती टाइप केली की सगळ्या रांगा ओळीने पडद्यावर येत: कोणाची आहे, आत किती निरोप आहेत, शेवटचा कधी टाकला, शेवटचा कधी उचलला. दुसरी कमांड आयपीसीआरएम. तिला रांगेचा नंबर दिला की ती रांग पुसली जायची, आतल्या निरोपांसकट. 'खात्री आहे का' असं ती विचारत नसे. यंत्र बसवणाऱ्या मुंबईच्या लोकांनी आम्हाला आणखी एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. तो रांगेतला सगळ्यात जुना निरोप बाहेर काढून पडद्यावर दाखवायचा. त्याची गरज क्वचित पडे. रांग तुंबली की आमचे लोक सरळ पुसून टाकत. माझा सहकारी याला झाडू मारणं म्हणायचा.

आता तीन नंबरच्या शेडबद्दल.

ही शेड कारखान्याच्या मागच्या टोकाला, कुंभवली गावाकडच्या भिंतीला लागून होती. आत सॉल्व्हंटची टाकी आणि टाकीमागे काचेची पॅनेल रूम. पॅनेल रूममध्ये भिंतीवर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर एक हिरवं बटण. ड्युटीवरच्या माणसाने दर तासाला ते दाबायचं. दाबलं की 'शेड तीन, जागेवर' असा निरोप वेळेसकट रांगेत पडायचा आणि टाइम ऑफिसातल्या प्रिंटरवर छापला जायचा. निरोप रांगेत पडला की पेटी 'पिप्' असा आवाज करायची. नियम असा होता की पिप् ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. पूर्वी लोक बटण दाबल्यासारखं करून झोपायला जात, म्हणून हा नियम. मोडला तर त्या पाळीचा पगार कापला जायचा. त्यामुळे तो लोकांच्या अंगात मुरला होता. आवाज आला की माणूस हलायचा, नाही आला की पुन्हा दाबत बसायचा.

या शेडमध्ये गळती होऊन एक ऑपरेटर गेला होता. एडवणचा माणूस होता, समुद्रकाठचा, आवाज मोठा. तो पॅनेल रूममध्ये स्टुलावर बसलेला सापडला. पॅनेल रूमचं दार उघडं होतं. दारापासून मागच्या फाटकापर्यंत मोकळी वाट होती, आणि वास तर सगळ्यांना आला होता. बाकीचे पळाले. तो का बसून राहिला, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. चक्कर आली असेल, असं ठरवून लोक गप्प बसले.

त्यानंतर शेड बंद केली. गावातून वासाच्या तक्रारी आल्या म्हणून खिडक्यांवर पत्रे ठोकले. मुख्य वीज तोडली, पण पॅनेल रूममधला एक दिवा आणि ती पेटी कॉम्प्युटरच्या लाइनवर होती, ती तशीच राहिली. टाइम ऑफिसातला प्रिंटर स्टोअरने मागून नेला. तेव्हा निरोप उचलणारा प्रोग्रॅम बंद करायला आम्हाला सांगितलं, आम्ही केला. निरोप टाकणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल कोणी काही सांगितलं नाही. तो यंत्र सुरू झालं की आपोआप सुरू व्हायचा.

शेडकडे कोणी फिरकत नसे. कँटीनमध्ये एक-दोघं म्हणत, आतून अधूनमधून आवाज येतो. कसला, विचारलं तर म्हणत, बारीक, एकदाच.

ती दुपार माघाच्या अखेरची असावी, कारण होळीची वर्गणी गोळा करणारे त्या आठवड्यात येऊन गेले होते. लॅबमधल्या बाईंचा फोन आला.

"निकाल जात नाहीयेत हो. जागा नाही म्हणून येतंय."

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका, करा. प्लांटवाले डोक्यावर येऊन बसलेत."

मी आयपीसीएस दिलं. लॅबच्या रांगेत थोडेच निरोप होते. पण तिच्याखाली एक रांग होती, तिच्यात दोनशेचार. सगळ्या रांगांना मिळून यंत्रात जागा एकच असते. ही एक रांग त्यातली बरीचशी खाऊन बसली होती. वेळेचे रकाने मागवले. शेवटचा निरोप आत आला होता त्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमारास. शेवटचा उचलला कधी, या रकान्यात 'नो-एन्ट्री' होतं. म्हणजे रांग सुरू झाल्यापासून तिच्यातून कोणीही, एकदाही, काहीही उचललेलं नव्हतं.

सहकारी खुर्ची सरकवत मागे आला. "कोणाची रे?"

मी नंबर ताडून पाहिला. "तीन नंबर शेडची."

तो हसला. "मग बरोबर आहे. एडवणकर अजून ड्युटीवर आहेत. रिलीव्हर आला नाही ना त्यांचा."

"असं बोलू नये."

"मी कुठे बोलतोय, यंत्र बोलतंय. पूस ती. उंदराने केबल कुरतडली असेल. नाहीतरी शेड पुढच्या आठवड्यात तोडायचीच आहे. आज दुपारी नायट्रोजन मारणार आहेत."

हे मलाही माहीत होतं, सकाळी सूचना फिरली होती. टाकी कापायच्या आधी तिच्यातली उरलीसुरली वाफ घालवावी लागते, नाहीतर कटरच्या ठिणगीने पेट घेते. त्यासाठी टाकीत आणि नळ्यांत कित्येक तास नायट्रोजन सोडत राहायचं. तो बाहेर पडणार शेडमध्येच. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. तो हवेला बाजूला सारतो एवढंच. माणूस त्यात गुदमरतो हे माणसालाही कळत नाही. आणि शेडच्या खिडक्यांवर तर पत्रे होते.

मी आयपीसीआरएम टाइप केलं, पुढे रांगेचा नंबर घातला. एन्टर दाबलं नाही. मनात एक बेरीज अडकली होती. यंत्र दर आठवड्याला बंद व्हायचं, औद्योगिक वसाहतीच्या वीजबंदीच्या दिवशी. बंद झालं की रांग जाते. त्या आठवड्यात मात्र मोठी ऑर्डर होती म्हणून जनरेटरवर काम चालू ठेवलं होतं, आणि यंत्र बंद झालं नव्हतं. ते जवळजवळ नऊ दिवस सलग चालू होतं, सकाळी नऊपर्यंत धरलं तर साडेआठ. दोनशेचार निरोप भागिले साडेआठ दिवस, म्हणजे दिवसाला चोवीस. तासाला एक.

उंदीर दर तासाला केबल कुरतडत नाही.

मी लिहिलेलं खोडलं आणि रांगेची ओळ पुन्हा मागवली. या वेळी नीट वाचली. त्या ओळीत एक परवानग्यांचा रकाना असतो. त्याच्या पहिल्या जागी एरवी आडवी रेघ असते, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. तिथे रेघ नव्हती. इंग्रजी एस हे अक्षर होतं.

यंत्राचं जाड पुस्तक कपाटावर असायचं. काढून पाहिलं. एसचा अर्थ एका ओळीत दिला होता: या रांगेत पाठवणारा थांबला आहे.

सहकाऱ्याने माझ्या खांद्यावरून ती ओळ वाचली.

"पाठवणारा म्हणजे प्रोग्रॅम," तो म्हणाला. "माणूस नव्हे."

"हो. पण प्रोग्रॅम बटण दाबल्याशिवाय पाठवत नाही."

"बटण अडकलं असेल."

"मग आधी तासाला एकदाच कसं अडकत होतं?"

मी मुंबईकरांचा छोटा प्रोग्रॅम चालवला आणि सगळ्यात जुना निरोप बाहेर काढला. पडद्यावर आलं: शेड तीन, जागेवर, आणि आठ दिवसांपूर्वीची वेळ. रांगेत आता दोनशेतीन असायला हवे होते. पुन्हा पाहिलं. दोनशेचार. एस तसाच.

आणखी एक काढला. दोनशेचार. एस.

मी काढत राहिलो आणि निघालेल्या वेळा पडद्यावर एकाखाली एक साचत गेल्या. वेळा बरोब्बर तासाच्या नव्हत्या. कधी पंचावन्न मिनिटांनी, कधी सत्तर. पहाटेच्या वेळा जरा जास्त लांबलेल्या. यंत्र बिघडून पाठवत असतं तर ते असं चालढकल करत नाही, ते ठोक्याला ठोका पाठवतं. म्हणजे हे यंत्राचं काम नव्हतं. पण माणसाचंही दिसत नव्हतं, कारण झोप कुठेच नव्हती. रात्र गेली, दिवस गेला, पुन्हा रात्र. कुठलाही माणूस चार-पाच तास आडवा होतोच. या निरोपांमध्ये तेवढी फट कुठेही सापडली नाही.

"झोपत नाही," मी म्हणालो.

"कोण?" सहकाऱ्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्यालाच ते नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी एक काढावा, तिकडून लगेच एक आत यावा, असं चाललं होतं. याचं कारण मला हळूहळू कळलं. रांग सकाळी भरली. त्यानंतर पिप् येईना. मग तिकडे जे कोण होतं ते पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलं, आणि ते सगळे दाब केबलच्या तोंडाशी जमून राहिले होते. मी जागा केली की त्यातला एक आत पडत होता. आणि आत पडला की त्या बंद शेडमध्ये पेटी वाजत होती. मी इथे एन्टर दाबायचो आणि तिथे, काचेच्या खोलीत, पिप्.

तीसेक निरोप काढल्यावर रांगेत दोनशेतीन झाले. एस गेला. त्याच्या जागी आडवी रेघ आली.

मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. आता कळणार होतं. बटण अडकलेलं असेल तर दाब येतच राहतील. तिकडे आवाज ऐकणारं कोणी असेल, तर आवाज ऐकल्यावर ते थांबेल.

दोनशेतीन. पुन्हा पाहिलं, दोनशेतीन. सहकाऱ्याने पुढे वाकून पाहिलं. दोनशेतीन.

उत्तर मिळालेला माणूस जसा गप्प होतो, तशी ती रांग गप्प झाली.

"युटिलिटीला फोन लाव," मी म्हणालो.

त्याने लावला. वाजत राहिला. युटिलिटीत, म्हणजे नायट्रोजन आणि हवा पुरवणाऱ्या विभागात, कॉम्प्रेसर चालू असले की फोन ऐकू जात नाही. मी उठलो. तोही माझ्यामागे निघाला, त्याची चप्पल टेबलाखालीच राहिली.

नायट्रोजनचा व्हॉल्व्ह शेडच्या बाहेर, पुढच्या बाजूला होता. तिथे मेन्टेनन्सचे इंजिनिअर साहेब आणि दोन फिटर होते. शटर खाली ओढून कुलूप लावलेलं. नळी सूं करत होती.

"साहेब, बंद करा. आत कोणीतरी आहे."

"कोणी नाही. मी स्वतः शटर उघडून हाक मारली. दोनदा."

"पॅनेल रूम बघितलीत का?"

साहेबांनी मागे वळून शटरकडे पाहिलं. पॅनेल रूम टाकीच्या मागे, आत जाऊन बघावी लागते. तिथे जायला फिटर तयार नसणार आणि साहेबांनाही आग्रह करावासा वाटला नसणार. मला त्यात नवल वाटत नाही. मीही गेलो नसतो.

"कधी सुरू केलं?" मी विचारलं.

"जेवायच्या सुट्टीआधी. अर्धा तास झाला असेल. तुम्हाला कोणी सांगितलं आत माणूस आहे म्हणून?"

"कॉम्प्युटरने," सहकारी म्हणाला.

एक फिटर फस्सकन हसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथे कोणाचा जीव गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. लोक आधीच घाबरलेले आहेत. आता मी भुतासाठी काम थांबवू?"

"भूत असेल तर पुन्हा सुरू करा," मी म्हणालो. "पण आधी बंद करा."

त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. सूं थांबलं. मग इतकी शांतता झाली की भिंतीपलीकडच्या नाल्यातलं पाणी ऐकू आलं. शटर उघडून आत जाणं आता धोक्याचं होतं. आम्ही भिंतीच्या कडेने, गवत तुडवत मागच्या बाजूला गेलो. तिकडे एक छोटं फाटक आहे हे मी विसरलोच होतो.

फाटकाच्या आत, शेडच्या मागच्या दाराबाहेर, एक माणूस जमिनीवर पाय पसरून बसला होता. खाकी शर्ट उन्हाने पांढरा पडलेला. एक बाई त्याच्या डोक्यावर लोट्याने पाणी ओतत होती. पत्र्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल, एक टोपलं, वाळत घातलेलं लुगडं. कारखान्याच्या भिंतीच्या आत कोणाचं तरी घर होतं, आणि कारखान्यातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

बाईने आम्हाला पाहून पदर घेतला. माणूस उठायला लागला. पाय टेकवेना, पुन्हा बसला.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तुम्ही कोण? इथे काय करताय?"

"वाचमन हाय, सायब."

"कोणाचे?"

त्याने ठेकेदाराचं नाव सांगितलं. त्या ठेकेदाराचं काम कंपनीने दिवाळीनंतर बंद केलं होतं. नवी माणसं पुढच्या गेटवर आली, मागच्या फाटकाबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हे दोघं डोंगराकडच्या पाड्यावरचे. भातकापणी झाल्यावर काम शोधत आले आणि ठेकेदाराने इथे ठेवले. दुसरा माणूस येईल तोवर जागा सोडायची नाही, दर तासाला आत जाऊन बटण दाबायचं, आवाज आला की बाहेर यायचं, आणि वीज गेलेली असली, दिवा लागत नसला, तर आत जायचं नाही. दुसरा माणूस आला नाही. ठेकेदारही आला नाही.

"रात्रीपण तुम्हीच दाबता?" मी विचारलं. मला ते आधी हवं होतं.

"दिसाचा मी. रातचा ही."

दोघं होते. झोप दोघांनी वाटून घेतली होती.

"मग आज काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी दाबला, आवाज नाय आला. परत दाबला. नायच आला. मंग बसलो."

"सकाळपासून आत बसलात?"

"आवाज नाय तर बाहेर कसा येणार, सायब?" त्याने हे असं विचारलं, जणू साहेबच काहीतरी विचित्र बोलत होते.

"हाक ऐकली नाही का आमची?"

"कोणतरी वरडला. पन मी बोल्लो, आपली जागा हीच हाय, आपन कशाला उठा."

बाई म्हणाली, "भाकर म्या आतच नेऊन दिली. बोल्ली, ये ना बाहेर. तर बोल्ला, अजून नाय वाजला."

"मंग झोप याया लागली," तो सांगत होता. "हातपाय जड. डोका कापसासारखा. बोटानं दाबत व्हतो, पन बोट माझा हाय का दुसऱ्याचा, कळत नवता. आन मंग वाजला. एक नाय, लय वेळा. पिप् पिप् पिप् पिप्. मी उठलो. भित धरून आलो बाहेर."

मघाशी हसलेला फिटर खाली बसला आणि उगाच गवत उपटायला लागला. मी मनातल्या मनात दुसरा हिशेब मांडत होतो, आणि तो मांडायचा नव्हता तरी मांडला जात होता. रांग पुसली असती तर निरोप टाकणारा प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडला असता. लॅबला जागा मिळाली असती, बाईंचे निकाल गेले असते. आणि पेटी पुन्हा कधीच वाजली नसती. हा माणूस आवाजाची वाट बघत बसला असता.

साहेबांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. बाई निघायला तयार होईना. फाटकाला कोण, असं तिचं म्हणणं. शेवटी माझा सहकारी म्हणाला, "वहिनी, मी आहे इथे. जा तुम्ही." आणि तो खरंच तिथे बसला, अनवाणी, ती गाडी परत येईपर्यंत.

चुलीतला विस्तव विझवून ती निघाली, तेव्हा मी तिला सहज विचारलं, "रात्री एकट्या आत जायच्या, भीती नाही वाटली?"

तिला त्या ऑपरेटरबद्दल काही माहीत नव्हतं. कोण सांगणार होतं?

"भ्या कसला," ती म्हणाली. "फकस्त त्या स्टुलावर आमी बसत नाय. खालीच बसतो."

"का?"

"तो कोनाचा तरी हाय असा वाटतो. कोनतरी बसला हाय असा वाटतो. पेटीकडे बघत."

वाचमन बरा झाला. होळीच्या आधी दोघं पाड्यावर गेली, आणि पावसाळ्यानंतर साहेबांनी त्याला कंपनीत लावून घेतलं, पुढच्या गेटवर. त्याची गोष्ट इथे नीट संपते. मला ती सांगताना बरं वाटतं.

पण त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटर रूममध्ये परत आलो तेव्हा रांगेत दोनशेतीन निरोप होते आणि मी ते सगळे एकेक करून काढले. पुसून टाकता आले असते. मला तसं करवेना. शेड तीन, जागेवर. शेड तीन, जागेवर. प्रत्येकाला मी मनात 'ऐकलं' म्हणत गेलो. सवय तिथून.

काढता काढता त्या बाईचं बोलणं डोक्यात फिरत होतं आणि मग मला ते सुचलं, जे सुचलं नसतं तर बरं झालं असतं. गळती झाली त्या दिवशी शेड चालू होती. निरोप उचलणारा प्रोग्रॅमही चालू होता. पण टाइम ऑफिसच्या प्रिंटरचा कागद संपला की तो प्रोग्रॅम अडून बसायचा, निरोप साचत राहायचे, आणि कागद संपणं ही रोजची गोष्ट होती. लॅबची रांगही तेव्हा वरचेवर तुंबायची आणि सगळ्यांची जागा खाऊन टाकायची. अशा वेळी तीन नंबरमध्ये बटण दाबलं तर पिप् येत नसे.

त्या दिवशी पिप् यायचं थांबलं होतं का? हे तपासायची काही सोय नाही. गळती कळताच सगळ्या कारखान्याची वीज तोडली होती. यंत्र बंद झालं, रांगा गेल्या. त्यांत किती निरोप होते, कुठल्या रांगेपुढे एस होता, हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. आणि नंतर पाहायला काही उरलं नाही.

मी मुद्दाम एकदा साहेबांना विचारलं, तो ऑपरेटर स्टुलावर कसा बसला होता. त्यांना आठवत होतं. भिंतीकडे तोंड करून, ते म्हणाले, पेटीसमोर. उजवा हात वर, भिंतीला टेकलेला.

आणि दार, त्याच्या पाठीमागे, उघडं.